अकरा मुलांचा डॉक्टर

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला पूर्वेकडे वळले, की थोड्याच वेळात खोडदच्या शिवारात अजस्र तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण ३० तबकड्या. त्यांतल्या १४ खोडदजवळ आणि उरलेल्या १६ तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. एकट्या तबकडीला जे उमगत नाही, ते तीसजणींच्या नोंदी एकत्र केल्या की नकाशा म्हणून उमटते. दरवर्षी विज्ञान दिनाला जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली शाळकरी मुले ही दुर्बीण पाहायला लोटतात आणि माना वर करकरून थकतात.

आता दुसरे चित्र डोळ्यांसमोर आणा. याच दोन तालुक्यांतल्या एखाद्या गावातली आई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन पहाटेच्या एस.टी.ने पुण्याला निघाली आहे. मूल गोंडस, तब्येतीने धडधाकट. पण हाक मारली तर वळून पाहत नाही. चार शब्द बोलू लागले होते, तेही थांबले. खेळण्यातली गाडी उलटी करून तिची चाके तासन् तास फिरवत बसते. कुणी म्हणाले कान तपासा. कान चांगले निघाले. कुणी दृष्ट काढली, कुणी अंगारा लावला. शेवटी स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा शब्द तिच्या कानावर पडला. पाठोपाठ कुणीतरी सुचवले, की मुलाचे ब्रेन मॅपिंग करून घ्या. म्हणजे त्याला नेमके कोणते उपचार लागू पडतील ते कळेल. मुलाच्या डोक्याला वीसेक बारीक चकत्या लावतात, मेंदूतल्या विजेच्या क्षीण लहरी त्या टिपतात आणि संगणकाच्या पडद्यावर रंगीत नकाशा उमटतो. खोडदच्या तबकड्यांची ही जणू चिमुकली भावंडेच!

नकाशा तर हाती आला. पण त्यातून मुलाच्या मनाकडे जाणारी वाट सापडते का? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर एका डॉक्टरच्या आयुष्याकडे वळून पाहावे लागते. डॉ. लिओ कॅनर हे त्यांचे नाव. स्वमग्नतेची ठळक ओळख वैद्यकीय जगाला त्यांनी १९४३ साली करून दिली. मुलाकडे कसे पाहावे हे त्यांनी शिकवले. आणि पाहण्याऐवजी निवाडा केला की काय अनर्थ होतो, हेही त्यांच्याच चुकीने शिकवले.

लहरी वाचणारा तरुण

कॅनर यांचा जन्म १८९४ सालचा. गाव क्लेकोतुफ, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातले, आजच्या युक्रेनमधले. घराणे ज्यू. पोराला कवी व्हायचे होते. कविता कुणी छापल्या नाहीत, म्हणून स्वारी वैद्यकाकडे वळली. पुढे स्वतः कॅनर गमतीने सांगत, की कविता छापून आल्या असत्या तर आपण युरोपातच राहिलो असतो आणि हिटलरच्या छळछावणीत संपलो असतो. गंमत खरी, पण तिच्या पोटात दुःख होते. त्यांच्या आप्तांपैकी अनेकांचा शेवट तसाच झाला.

बर्लिनमध्ये शिक्षण सुरू असताना पहिले महायुद्ध पेटले. सैन्याच्या वैद्यकीय पथकात काम करून परत आल्यावर १९२१ साली ते डॉक्टर झाले. सुरुवातीचे त्यांचे काम हृदयाचे ठोके आणि हृदयाच्या विद्युत आलेखावर होते. म्हणजे शरीरातून निघणाऱ्या लहरी कागदावर वाचण्याची विद्या त्यांना चांगली अवगत होती. त्याच जर्मनीत, येना शहरात, हान्स बर्गर नावाचे मनोविकारतज्ज्ञ माणसाच्या मेंदूतून निघणाऱ्या विद्युतलहरी टिपण्याच्या खटपटीत होते. १९२४ साली त्यांना त्या टिपता आल्या आणि १९२९ साली त्यांनी त्यावर पहिला निबंध प्रसिद्ध केला. आज ज्याला आपण ईईजी म्हणतो, त्याचा उगम हा. योगायोग असा, की त्याच १९२४ साली महागाईने पोळलेला जर्मनी सोडून कॅनर अमेरिकेला गेले.

तेथे साउथ डकोटा राज्यातल्या यँक्टन गावी मनोरुग्णांच्या सरकारी इस्पितळात त्यांना नोकरी मिळाली. मनोविकारशास्त्राचे रीतसर शिक्षण नाही आणि इंग्रजीही बेताचे. वर्तमानपत्रातली शब्दकोडी सोडवत त्यांनी इंग्रजी पक्के केले. रोग्यांशी बोलत, त्यांच्या घरची हकिकत विचारत त्यांनी मनोविकारशास्त्र शिकून घेतले. १९२८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ॲडॉल्फ मायर यांच्या हाताखाली ते दाखल झाले. रोगाच्या नावापेक्षा रोग्याची जीवनकहाणी महत्त्वाची, हा मायर यांचा आग्रह. १९३० साली तेथे मुलांसाठी मनोविकारांचा स्वतंत्र विभाग कॅनर यांच्या हाती सोपवण्यात आला आणि १९३५ साली बालमनोविकारशास्त्रावरचे इंग्रजीतले पहिले पाठ्यपुस्तक त्यांनी लिहिले.

मुलांची बाजू घेण्याचे धैर्यही या माणसापाशी होते. बाल्टिमोरजवळच्या एका सरकारी संस्थेतून मतिमंद मुलींना कोर्टाच्या हुकमाने सोडवून धनिकांच्या घरी फुकटच्या मोलकरणी म्हणून धाडण्याचा धंदा एका वकिलाने चालवला होता. अशा दीडशेहून अधिक जणींचे पुढे काय झाले, याचा मागोवा घेऊन कॅनर यांनी १९३७ साली हे प्रकरण भर परिषदेत उघड केले. १९४२ साली तर अमेरिकेतल्याच एका नामवंत मेंदूतज्ज्ञाने तीव्र मतिमंद मुलांना वेदनारहित मरण द्यावे अशी सूचना जाहीरपणे मांडली. जर्मनीत तेव्हा अशा हजारो मुलांची सरकारी आज्ञेने हत्या होत होती. त्या सूचनेला त्याच मासिकात कॅनर यांनी कडाडून विरोध केला. समाजातली कितीतरी साधी, आवश्यक कामे हीच माणसे करतात आणि माणसाची किंमत बुद्धीच्या मोजपट्टीने ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

तेहतीस पानांचे पत्र

१९३८ साली मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावातून कॅनर यांच्याकडे एक पत्र आले. लिहिणारे गृहस्थ वकील होते. पत्र टंकलिखित, आणि थोडेथोडके नव्हे, ३३ पानांचे. विषय होता त्यांचा पाच वर्षांचा मुलगा, डोनाल्ड. वर्षाचा असताना गाणी अचूक सुरात गुणगुणणारा. दोन वर्षांचा होताच धर्मपुस्तकातले पाठ तोंडपाठ म्हणणारा. पण बाप घरी आला तरी मान वर न करणारा. हाती येईल ती वस्तू भिंगरीसारखी फिरवणारा. स्वतःला तू आणि समोरच्याला मी म्हणणारा. रोजच्या क्रमात तसूभर बदल झाला की आकांत करणारा.

त्याच वर्षी आईवडील डोनाल्डला घेऊन बाल्टिमोरला आले. व्हिएन्नाहून निसटून आलेले ज्यू डॉक्टर गेओर्ग फ्रँकल तेव्हा कॅनर यांच्या विभागात होते. त्यांनी मुलाला बारकाईने पाहिले. कॅनर यांनी घाईने निदान केले नाही. पत्रव्यवहार चालू ठेवला. मग तशीच दुसरी मुले भेटत गेली. १९४३ साली अकरा मुलांच्या हकिकती त्यांनी एका दीर्घ लेखात मांडल्या: आठ मुलगे, तीन मुली. त्यांत दोन गोष्टी समान होत्या. माणसांच्या गर्दीतही एकटेपण, आणि सारे काही जसेच्या तसे राहावे हा हट्ट. ही मुले जन्मतःच अशी असतात, हा निष्कर्ष त्यांनी लेखाच्या शेवटी नोंदवला.

त्यांच्याआधी मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५-२६च्या सुमारास अशाच सहा मुलग्यांचे वर्णन केले होते. व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ साली वेगळे वर्णन प्रसिद्ध केले. ऑटिझम हा शब्दही कॅनर यांचा नव्हे. स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलर यांनी तो दुसऱ्या संदर्भात आधीच वापरला होता. तरी जगाच्या ध्यानात राहिली ती ही अकरा मुलेच. कारण त्यांतले प्रत्येक मूल कॅनर यांनी वेगळे रेखाटले होते.

या लेखातल्या दोन बारीक नोंदी आज वाचताना थक्क व्हायला होते. या मुलांच्या मेंदूचे आलेख तेव्हाच काढले गेले होते! एका मुलाचा अपवाद सोडला तर ते सामान्य निघाले. आणि त्या एकाला फिटचे झटके येत. दुसरी नोंद अशी, की अकरांपैकी पाच मुलांची डोकी जरा मोठी होती. यंत्राने फारसे काही सांगितले नाही. डोळ्यांनी मात्र एक धागा टिपून ठेवला. तो धागा पुढे सात दशकांनी कामी आला.

मक्याच्या ओळी

डोनाल्डचे पुढे काय झाले? १९४२ साली आईवडिलांनी त्याला गावापासून काही मैलांवरच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले. १९४५ साली कॅनर स्वतः तेथे गेले. जे पाहिले त्याने ते भारावून गेले.

डोनाल्डला मोजण्याचे वेड होते. शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल गेली ते मोजून सांगायला लावले. मेलेले पक्षी आणि किडे तो गोळा करी. त्याला ओरडण्याऐवजी त्यांनी शेताच्या कोपऱ्यात जागा नेमून दिली आणि प्रत्येकाला पुरून त्यावर नावाची पाटी लावायला शिकवले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे. त्यांनी त्याच्या हाती घोडा आणि नांगर दिला, आणि नांगरता नांगरता ओळी मोज म्हणून सांगितले. कॅनर पाहत असताना त्या मुलाने सहा लांबलचक ओळी व्यवस्थित नांगरल्या. शेजारच्या खेड्यातल्या शाळेतही तो जाऊ लागला होता आणि त्याचे विक्षिप्तपण तिथे सर्वांनी सांभाळून घेतले होते.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला यातले मर्म वेगळे समजावून सांगायला नको. कांद्याची जमीन वेगळी, भाताचे खाचर वेगळे. आदिवासी पट्ट्यातला हिरडा वेगळा आणि नारायणगावचा टोमॅटो वेगळा. जमीन पाहून पीक घ्यावे लागते. त्या जोडप्याने मुलाची जमीन पाहिली. ज्या वेडाला इतर लोक रोग म्हणत होते, त्याच वेडाला त्यांनी आऊत जुंपले. प्रत्येक मुलाला त्याच्या प्रकृतीप्रमाणे उपचार, असे आज ज्याला म्हणतात, ते यापेक्षा वेगळे काय असते?

डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळू लागला, एकट्याने तीसहून अधिक देश हिंडून आला. २०२३ साली, ८९ वर्षांचा होऊन, आपल्या त्याच गावात त्याने डोळे मिटले. १९७१ साली कॅनर यांनी त्या अकरांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा ज्यांची रवानगी मोठमोठ्या सरकारी इस्पितळांत झाली होती, ती मुले कोमेजून गेली होती. त्यांच्या लेखी ती जन्मठेपच ठरली होती. सगळ्याच मुलांना डोनाल्डसारखे यश आले असते असे नाही. पण कुणी आपल्याकडे नीट पाहिले की नाही, याने आयुष्याची वाट बदलते, एवढे त्या नोंदींनी दाखवून दिले.

आईवरचा ठपका

एवढा बारकाईने पाहणारा माणूस एका ठिकाणी मात्र चुकला, आणि त्या चुकीची किंमत हजारो आयांनी मोजली.

१९४१ साली याच कॅनर यांनी आयांची बाजू घेणारे पुस्तक लिहिले होते. तज्ज्ञांच्या अतिशहाण्या सल्ल्यांनी बावरून जाऊ नका, असा त्याचा सूर होता. पण १९४३च्या लेखात आणि त्यानंतर ते लिहू लागले, की या मुलांचे आईवडील हुशार, पण भावनेने कोरडे असतात. मुले जणू शीतकपाटात ठेवली जातात. जन्मजात असलेली अवस्था आईच्या माथी मारली गेली. पुढे ब्रुनो बेटेलहाइम यांच्यासारख्या लेखकांनी तर या कल्पनेचा डंका पिटला. मूल बोलत नाही कारण आईला ते नकोसे होते, असा निवाडा दवाखान्यादवाखान्यांतून होऊ लागला. मुलाच्या दुःखात आईच्या अपराधाची भर पडली.

चूक कोठे झाली? बाल्टिमोरपर्यंत कोणती मुले पोचत होती? ज्यांचे वडील ३३ पानांचे पत्र लिहू शकत होते, ज्यांना आगगाडीचा प्रवास परवडत होता, अशांची. कॅनर यांनी दारात आलेल्यांना पाहिले आणि न आलेल्यांचाही निवाडा केला. शिवाय हाक ऐकून न वळणाऱ्या लेकरामागे वर्षानुवर्षे धावून आईबाप थिजून गेले असतील, तर तो थिजलेपणा आजाराचे कारण नव्हे, परिणाम असतो.

१९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांचे पुस्तक आले. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. स्वमग्नतेचे मूळ शरीरात, मेंदूत आहे, आईच्या मायेत नाही, हे त्यांनी ठणकावून मांडले. या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती कॅनर यांनीच. १९६९ साली वॉशिंग्टनमध्ये पालकांच्या संघटनेच्या मेळाव्यात, वयाच्या पंचाहत्तरीत, ते उभे राहिले आणि आईबापांना त्यांनी जाहीरपणे निर्दोष ठरवले. सभागृह टाळ्या वाजवत उठून उभे राहिले. १९७७ साली ब्रिटनमधल्या २१ जुळ्या जोड्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा पुरावाही पुढे आणला. ३ एप्रिल १९८१ रोजी कॅनर यांचे निधन झाले.

आपल्याकडे मात्र तो ठपका अजून पुसला गेलेला नाही. फक्त शब्द बदलले. आई नोकरी करते म्हणून, आई मोबाइल देते म्हणून, आईचे लक्ष नाही म्हणून. माजघरात बसून असा निवाडा करणाऱ्या प्रत्येकाने १९६९चे ते सभागृह आठवावे.

नकाशा आणि वाट

आता मेंदूच्या नकाशाकडे परत येऊ. मुलाला लहान लहान पायऱ्यांनी, कौतुकाची जोड देऊन शिकवण्याच्या पद्धतीला वर्तनोपचार म्हणतात. अमेरिकेत १९८७ साली आयव्हार लोव्हास यांनी आठवड्याला ४० तास अशी शिकवणी दिलेल्या १९ मुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतली ९ मुले सर्वसाधारण शाळेत टिकली. पण मग उरलेल्या दहांचे काय? एकच औषध एकाला लागू पडते आणि दुसऱ्याला पडत नाही, हे कोडे तेव्हापासूनचे.

ते सोडवायला शास्त्रज्ञ मेंदूच्या नकाशाकडे वळले. २०१२च्या एका अभ्यासात, खेळातून शिकवलेल्या लहान मुलांचा मेंदू माणसाच्या चेहऱ्याला अधिक तत्परतेने प्रतिसाद देऊ लागल्याचे ईईजीच्या लहरींत दिसले. २०१६ साली येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २० लहान मुलांच्या मेंदूची छायाचित्रे उपचारांपूर्वीच घेतली आणि कोणते मूल किती प्रगती करील, याचा काहीसा अंदाज त्यांवरून बांधता येतो असे दाखवले. २०१७ साली, स्वमग्न मुलांच्या तान्ह्या भावंडांवरच्या अभ्यासात, पुढे स्वमग्न ठरलेल्या बाळांच्या मेंदूचा पृष्ठभाग पहिल्याच वर्षात झपाट्याने वाढतो आणि दुसऱ्या वर्षी मेंदूचे आकारमान वाढते, असे आढळले. मोठ्या डोक्याची कॅनर यांची ती जुनी नोंद येथे फळाला आली.

पण वीस मुलांवरून काढलेला अंदाज म्हणजे आपल्या मुलाचा इलाज नव्हे. एखाद्या मुलाला स्वमग्नता आहे की नाही, हे आजही कोणत्याही यंत्राच्या नकाशावरून ठरत नाही. ते मुलाकडे पाहून, त्याच्याशी खेळून आणि आईवडिलांना विचारून ठरते. भारतात वापरली जाणारी ४० मुद्द्यांची मोजपट्टीही अशीच निरीक्षणावर बेतलेली आहे. मुलाला फिट येत असेल किंवा तशी शंका असेल, तर ईईजी जरूर करावा; तेथे तो मोलाचा आहे. मात्र रंगीत नकाशा हाती देऊन त्यावरून खात्रीने बरे करण्याचे वचन कुणी देत असेल, तर आईवडिलांनी पैसे मोजण्याआधी दोन वेळा विचार करावा. मुलाच्या प्रगतीची वही जो मागत नाही, त्याच्याकडे नकाशा असून उपयोग काय?

त्याऐवजी हाताशी असलेल्या सोयी वापराव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात; स्वमग्नतेची शंकाही त्यांच्या तपासणीत मोडते. अंगणवाडी ताईंना विचारावे. २०१६च्या अपंग हक्क कायद्याने स्वमग्नतेला स्वतंत्र अपंगत्व म्हणून मान्यता दिली आहे. त्याचे प्रमाणपत्र मिळते. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला किंवा भीमाशंकरच्या डोंगरात राहणाऱ्या आईजवळ ३३ पानांचे पत्र नसेल. पण तिच्या लेकराचा हक्क तोच आहे, आणि तिच्या घरी येणाऱ्यांनी तिचे ऐकून घेतले, तर ती न लिहिता तेहतीस पाने सांगू शकते.

परतीच्या एस.टी.त ते मूल खिडकीला नाक लावून बसले आहे. बाहेर पळणारे विजेचे खांब ते बोटांनी मोजते आहे. आईच्या पिशवीत कागदांची भेंडोळी आहे, त्यांत कदाचित तो रंगीत नकाशाही असेल. तो नीट ठेवावा, डॉक्टरांना दाखवावा. पण उद्या सकाळी मळ्यात गेल्यावर तिने लेकराला कांद्याच्या सऱ्यांजवळ उभे करावे आणि त्या मोजायला लावाव्यात. आधी एक, मग दोन, मग मोजता मोजता एकेक रोप लावायला. मक्याच्या ओळी मोजणाऱ्या एका मुलाची वाट अशीच सुरू झाली होती.